डीईएमध्ये आमच्या गावची बँक शेवटून तिसरी येतेय, हे खरं मानायचं का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. अर्थशास्त्रात पीएचडी करतेय, विषय आहे पश्चिम महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँकांची कार्यक्षमता आणि उत्पादकता. ४० बँकांचे वार्षिक अहवाल गोळा केलेत, त्यातले निम्मे प्रत्यक्ष बँकेत जाऊन, कारण वेबसाइटवर बऱ्याचदा मागच्या एकदोन वर्षांचंच असतं आणि तुम्ही सभासद नाही म्हटलं की जुना अहवाल द्यायला कां-कू करतात. तर एवढं सगळं एक्सेलमध्ये हाताने भरून झाल्यावर डीईए (डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, बँकांची एकमेकींशी तुलना करून ० ते १ मध्ये कार्यक्षमतेचा स्कोअर देणारी पद्धत) रन केलं. इनपुट तीन दिले, सेवकसंख्या, स्थिर मालमत्ता आणि ठेवी. आउटपुट दोन, कर्जं आणि गुंतवणूक. मॉडेल सीसीआर, म्हणजे चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांचं १९७८ चं मूळ मॉडेल, गाईड म्हणाले सुरुवात तिथूनच कर.

निकाल बघून दोन दिवस झोप नाही. आमच्या तालुक्याच्या गावची बँक, ११ शाखा, त्यातल्या चार अशा गावांत जिथं दुसरी बँकच नाही, ती शेवटून तिसरी. आणि एक बँक, तीनच शाखा, कर्ज देताना हात आखडलेला, ठेवींचा मोठा हिस्सा दुसऱ्या बँकांत एफडी करून ठेवलेला, तिला पैकीच्या पैकी १.

आता माझं म्हणणं असं की मी भावनेच्या भरात बोलतेय का ते मला कळत नाहीये. कारण ही बँक मी लहानपणापासून बघतेय, बाबांच्या दुकानाचं कॅश क्रेडिट तिथंच आहे, २०१९ च्या महापुरात बँकेचा खालचा मजला पाण्यात होता आणि पाणी उतरायच्या आधीच शेजारच्या कार्यालयात टेबलं टाकून लोकांना पैसे द्यायला सुरुवात केली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हे सगळं माझ्या एक्सेलमध्ये कुठंच नाही. गाईड म्हणतात आकडा आलाय तसा लिही, स्पष्टीकरण नंतर. पण हा आकडा छापून आला की तो त्या बँकेच्या नावाला चिकटणार ना. मग मी मोजतेय ते नक्की काय, हे आधी मला कळायला हवं. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

सांख्यिकीवाला

ताई, आधी एक गोष्ट, तुमच्या मनात शंका आली हे चांगलं झालं, ती गाईडना स्पष्ट सांगा. मी संख्याशास्त्र शिकवतो, बँकेतला माणूस नाही, त्यामुळे फक्त पद्धतीबद्दल बोलतो.

डीईए बँक चांगली की वाईट हे सांगत नाही. तुम्ही दिलेल्या यादीपुरतं, तुम्ही जमवलेल्या ४० मध्ये, कमी वापरून जास्त कोणी दाखवलं एवढंच सांगतं. कल्पना मूळ फॅरेलची, १९५७ ची, की सगळ्यात चांगलं करणाऱ्यांची एक सीमारेषा आखायची आणि बाकीचे तिच्यापासून किती लांब आहेत ते मोजायचं. १ मिळाला म्हणजे ती बँक आदर्श असं नाही, ती तुमच्या गटात सीमेवर आहे. गट बदला, सीमा बदलेल.

साधं काल्पनिक उदाहरण घ्या. अ बँकेत १० सेवक आणि कर्जं ५० कोटी, ब मध्ये १० सेवक आणि ८० कोटी, क मध्ये २० सेवक आणि १२० कोटी. सेवकामागे कर्ज ५, ८ आणि ६ कोटी. सीसीआरमध्ये ब ला १, अ ला ५ भागिले ८ म्हणजे ०.६२५, क ला ०.७५. आता हेच बँकर, चार्न्स आणि कूपर यांच्या १९८४ च्या बीसीसी मॉडेलने करा, जे मानतं की मोठी आणि लहान बँक एकाच प्रमाणात चालत नाही, तर क थेट १ वर जाते, कारण २० सेवकांच्या आकाराची दुसरी बँकच नाही तुलनेला! आउटपुटच्या बाजूने मोजलं तर अ मात्र ०.६२५ वरच राहते. म्हणजे क चा प्रश्न आकाराचा आहे आणि अ चा प्रश्न कामाचा आहे. हे दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही सध्या दोन्हीला एकच नाव देताय. ११ शाखांची आणि ३ शाखांची बँक एका सीसीआरमध्ये घातलीत तर असं होणारच. दोन्ही मॉडेल चालवा आणि सीसीआरच्या स्कोअरला बीसीसीच्या स्कोअरने भागून स्केल एफिशियन्सी, म्हणजे आकारामुळे पडणारा फरक, वेगळी काढा.

शिवाय रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नागरी बँकांचे चार स्तर केलेत, पहिल्यात १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या, दुसऱ्यात १००० कोटींपर्यंत, तिसऱ्यात १०००० कोटींपर्यंत आणि त्यावर चौथा. पगारदारांच्या बँका आणि एकाच शाखेच्या बँका ठेवी कितीही असल्या तरी पहिल्यात. निदान पहिला आणि दुसरा स्तर वेगळा काढून बघा. ४० बँका, ३ इनपुट, २ आउटपुट हे चालतं, साधारण नियम असा की इनपुट आणि आउटपुटच्या बेरजेच्या तिप्पट तरी बँका हव्यात. पण यापेक्षा जास्त व्हेरिएबल घालू नका, नाहीतर निम्म्या बँका १ वर येऊन बसतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही.

आणि त्या तीन शाखांच्या बँकेचं कोडं सोपं आहे. तुम्ही गुंतवणूक आउटपुट धरलीत. त्या अहवालात इतर बँकांतल्या एफडी गुंतवणुकीच्या आकड्यात मिळवल्या असतील तर त्या बँकेने ठेव घेतली आणि नुसती पुढे सरकवली, त्यालाही तुमच्या मॉडेलने पूर्ण गुण दिले. तीन माणसांत हे काम होतं. कर्ज द्यायला मात्र घरी जाऊन बघावं लागतं, कागद तपासावे लागतात, वसुलीला फिरावं लागतं.

खरा मोठा प्रश्न ठेवींचा आहे. ठेव इनपुट की आउटपुट? सीली आणि लिंडले यांच्या १९७७ च्या मांडणीनंतर जो मध्यस्थीचा दृष्टिकोन रूढ झाला त्यात बँक म्हणजे मध्यस्थ, ठेव हा कच्चा माल, कर्ज हा पक्का माल. दुसऱ्या, उत्पादनाच्या दृष्टिकोनात ठेवीदाराचं खातं सांभाळणं हीच सेवा, म्हणून ठेव आउटपुट. यावर जगात पन्नास वर्षं वाद चाललाय आणि मिटलेला नाही. तुम्ही पहिला घेतलात. चूक नाही, पण तो निर्णय तुम्ही घेतला की सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमधून आला ते स्वतःला विचारा.

निवृत्त शाखाधिकारी

बेटा, मी सरकारी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली पाच मेळघाटात धारणी भागात. तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो, टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घे.

आमच्या वेळी डीईए वगैरे नव्हतं, पण मोजमाप होतंच. दर तिमाहीला रीजनल ऑफिसातून पत्रक यायचं, सेवकामागे व्यवसाय किती. म्हणजे ठेवी अधिक कर्जं भागिले माणसं. त्या पत्रकात माझी शाखा कायम तळाला आणि अमरावतीतली मुख्य बाजारातली शाखा वर. आता तिथं एक व्यापारी येतो, ५० लाखांची ठेव ठेवतो, अर्ध्या तासात काम संपलं. माझ्याकडे रोजगार हमीची मजुरी काढायला सकाळी आठपासून बाया ओट्यावर बसलेल्या, लहान मुलं कडेवर, दोन-दोन तास चालत आलेल्या, आणि काढायचे किती तर ६०० रुपये. अंगठ्यावर व्यवहार, शेजारी साक्षीदार लागतो, पासबुक भिजलेलं असतं, भाषा कोरकू, म्हणून शिपाई दुभाषा. संजय गांधी निराधारची आणि श्रावणबाळची रक्कम जमा झाली की दिवसाला तीनशे-चारशे व्हाउचर व्हायची, कॅशियर जेवायला उठायचा नाही. ६ लाख काढायला जेवढा वेळ लागतो तेवढाच ६०० रुपये काढायला लागतो, उलट जास्तच लागतो. हे काम त्या पत्रकात शून्य.

म्हणून माझं सांगणं, रुपये मोजू नकोस, निदान नुसते रुपये मोजू नकोस. खाती किती, व्यवहार किती, हे घे. जनधन २०१४ च्या ऑगस्टात सुरू झाली, ती खाती तीन चतुर्थांशाहून जास्त सरकारी बँकांनीच उघडलीत, खासगी बँकांचा वाटा अगदी थोडा. शून्य शिल्लकीचं खातं उघडलं की रुपयाच्या हिशोबात आउटपुट काहीच नाही आणि इनपुट मात्र माणूस, कागद, वीज सगळं. मग खासगी बँक कार्यक्षम आणि सरकारी बँक ढिली असं अहवालात येतं आणि पेपरात छापतात.

१९६९ च्या जुलैत १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा अख्ख्या देशात ८२६२ शाखा होत्या, त्यातल्या खेड्यात जेमतेम १८३३. पुढं १९७७ ते १९९० असा नियम होता की बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा उघडायची तर बँक नसलेल्या चार ठिकाणी उघडायची. त्या चार शाखा तोट्यात जाणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरी उघडल्या, कारण त्याशिवाय सावकाराच्या दारातून माणूस सुटणार नव्हता. तो हुकूम देशाने दिला. मग त्याच शाखांना नंतर कार्यक्षमतेच्या काट्यावर तोलून कमी ठरवायचं हे मला पटत नाही, आणि मी हे आज निवृत्त झाल्यावर नाही, नोकरीत असतानाही मीटिंगमध्ये बोललोय.

तुझ्या गावच्या बँकेच्या त्या चार शाखा, जिथं दुसरी बँक नाही, त्या तू वेगळ्या काढून दाखव.

मार्चएंड

मी एका नागरी बँकेत अकाउंट्सला आहे, १७ वर्षं झाली. नाव सांगत नाही. वरचं दोन्ही बरोबर आहे पण ताई तुम्ही ज्या आकड्यांवर हे चढवताय तो आकडा कसा तयार होतो ते पण बघा.

एक म्हणजे ठेवी तुम्ही ३१ मार्चच्या घेतल्या असणार, अहवालात त्याच असतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काय चालतं ते आमच्याकडे येऊन बघा, प्रत्येक शाखेला टार्गेट, संचालक फोन करतात, ओळखीच्या संस्था चार दिवसांसाठी पैसे आणून ठेवतात आणि ५ एप्रिलला काढून नेतात. म्हणून वार्षिक सरासरी मागा. मासिक ठेवींचे आकडे प्रत्येक बँकेकडे असतात कारण सीआरआर एसएलआरसाठी, म्हणजे ठेवींतला जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे आणि सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो त्यासाठी, पंधरवड्याला काढावेच लागतात. देतील का ते बँकेवर आहे, पण मागा.

दोन, नवं-जुनं. शेतीकडच्या लोकांना हे माहीत आहे, जिल्हा बँकेत आणि सोसायटीत सर्रास चालतं, आमच्याकडेही कॅश क्रेडिटला चालतं. जुनं कर्ज थकायला आलं की त्याच दिवशी कागदावर भरून घ्यायचं आणि त्याच दिवशी नवं उचलून द्यायचं. पैसा हलला नाही, पण वसुली १०० टक्के आणि वाटप पण झालं. तुमच्या मॉडेलमध्ये तो आउटपुट झाला. जी बँक प्रामाणिकपणे खातं एनपीए, म्हणजे थकीत, दाखवते आणि तरतूद करते तिचा नफा खाली जातो, व्याज उत्पन्न उलटवावं लागतं, आणि ती तुमच्या यादीत खाली सरकते. ही गोष्ट फक्त सहकारी बँकांची नाही. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये मोठ्या बँकांची मालमत्ता गुणवत्ता तपासणी केली तेव्हा हेच उघड झालं, आणि २०१८ च्या मार्चपर्यंत एकूण ढोबळ एनपीए ११ टक्क्यांच्या वर गेला. आता कोणी त्या वर्षांची उत्पादकता काढली तर म्हणेल २०१६ ते १८ मध्ये घसरली. अहो घसरली कधीच होती, कर्जं दिली तेव्हा, वहीत २०१६ नंतर आली. २०१२ चा जो छान स्कोअर आहे तोच खोटा आहे.

तीन, सेवकसंख्या. हे कोणी बघत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. पिग्मी एजंट सेवकांत धरले जात नाहीत, त्यांचं कमिशन वेगळ्या खर्चात जातं. आमच्याकडे सेवक ९० आहेत आणि पिग्मी एजंट ६० च्या वर, रोज दुकानादुकानात फिरून ५०-१०० रुपये गोळा करणारे. सुरक्षारक्षक, सफाई, एटीएममध्ये कॅश भरणारे सगळे कंत्राटी. काही बँकांनी तर डेटा सेंटरसकट सगळं बाहेर दिलंय. तर माणसं मोजलीत तर ज्याने कायम नोकऱ्या दिल्या तो अकार्यक्षम आणि ज्याने कंत्राटी लावले तो कार्यक्षम. डोकी मोजू नका, एकूण परिचालन खर्च घ्या, त्यात सगळं येतं.

ठेवपावती

सगळं वाचलं. काकांबद्दल आदर आहे पण मला एक वेगळी बाजू मांडायचीय आणि जरा कडक वाटली तर माफ करा.

माझ्या आईची निवृत्तीची सगळी रक्कम एका नागरी बँकेत अडकली. नाव इथं घेत नाही. तिथंही हेच बोललं जायचं, आपली बँक, गावची बँक, गरिबाला उभं करणारी बँक. अहवालाच्या पहिल्या पानावर ऑडिट वर्ग अ. सर्वसाधारण सभेत चहा-नाश्ता, लाभांश १० टक्के. आणि एका संध्याकाळी दारावर कागद लागला, रिझर्व्ह बँकेचे निर्बंध, सहा महिन्यांत खात्यामागे अमुक इतकेच काढता येतील. तेव्हा ठेवींवरचा विमा एकच लाखाचा होता, तो १९९३ पासून तसाच होता, २०२० च्या फेब्रुवारीत ५ लाख झाला, आणि निर्बंध आल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची सोय २०२१ च्या दुरुस्तीत आली. आईला त्यातलं काही वेळेवर मिळालं नाही. औषधासाठी पैसे हवेत म्हणून अर्ज करायचा आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडायचं, स्वतःचे पैसे मागायला. ती रांगेत उभी राहिलेली मला अजून दिसते.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं तर सगळ्यांना माहीत आहे, २०१९ च्या सप्टेंबरात निर्बंध आले. एकाच बिल्डर गटाला गेलेली कर्जं हजारो खोट्या खात्यांमागे लपवलेली निघाली, आणि त्याच वर्षीच्या मार्चच्या ताळेबंदात ढोबळ एनपीए चार टक्क्यांच्याही आत दाखवलेला होता. त्या ताळेबंदावर ताई तुमचं डीईए चालवलं असतं तर काय आलं असतं? कर्जं भरपूर, शाखा भरपूर, सगळं छान.

मला एवढंच म्हणायचंय की सामाजिक काम करते म्हणून बँकेला मोजूच नका असं होऊ नये. गरिबाचं खातं सांभाळते हे खरं, पण ठेवही त्याच गरिबाची असते. खर्च जास्त का आहे हा प्रश्न विचारायलाच हवा, तो खेड्यात शाखा आहे म्हणून आहे की संचालकांच्या नातेवाईकांना नोकरीला लावलंय म्हणून आहे, हे दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं.

निवृत्त शाखाधिकारी

तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे, आणि माझ्या लिहिण्यातून मोजू नका असा अर्थ निघाला असेल तर तो मागे घेतो. मेळघाटातल्या माझ्या शाखेतही आधीच्या एका माणसाने अनुदानाच्या योजनेत म्हशींची कर्जं अशी वाटली होती की कागदावर ८० म्हशी आणि गावात फिरलो तर २० सुद्धा दिसेनात. वाटप बघून त्याला शाबासकी मिळाली होती आणि वसुली माझ्या नावावर आली. तेव्हा दुर्गम भागात काम करणं आणि ढिलं काम करणं एक नाही, हे मी भोगलंय. दोन्ही वेगळं दिसेल असं मोजमाप करता येतं का ते सांख्यिकीवाल्या सरांनी सांगावं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री तीनपर्यंत बसून परत चालवलं. काका, तुमची ६०० रुपयांची गोष्ट मी गाईडना फोनवर वाचून दाखवली, ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले पहिल्या प्रकरणात हे घे.

काय केलं ते सांगते. सेवकसंख्या काढून परिचालन खर्च आणि व्याजखर्च हे दोन इनपुट घेतले. इतर बँकांतल्या एफडी गुंतवणुकीतून वजा केल्या. कर्जांतून एनपीए वजा केलं. बीसीसी पण चालवलं. तीन शाखांची बँक १ वरून घसरून मधल्या गटात आली. आमची बँक वर सरकली पण मला वाटलं होतं तेवढी नाही, अजून सरासरीच्या खालीच आहे, आणि तिची स्केल एफिशियन्सी चांगली आहे म्हणजे सर, तुमच्या उदाहरणातला अ चा आजार, आकाराचा नाही. हे बघून मला वाईट वाटलं पण ठेवपावती यांचं वाचल्यावर लपवणार नाही. मग ठेवी आउटपुटला टाकून पाहिल्या तर ती पहिल्या दहात गेली! एकच बँक, एकच वर्ष, एक कॉलम इकडून तिकडे केला फक्त.

आता पुढचं प्रकरण उत्पादकता, २०१३ पासून २०२४ पर्यंत, माल्मक्विस्ट निर्देशांकाने करायचंय. यात काय खड्डे आहेत तेही सांगून ठेवा.

सांख्यिकीवाला

तुम्ही एका रात्रीत केलंत ते बरेच लोक प्रबंध संपेपर्यंत करत नाहीत. ठेवी हलवल्यावर क्रम उलटला हाच तुमचा मुख्य निष्कर्ष आहे, तो परिशिष्टात टाकू नका. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. भट्टाचार्य, लव्हेल आणि सहाय यांनी १९८६ ते १९९१ या काळातल्या ७० भारतीय बँकांवर काम केलं, १९९७ मध्ये छापून आलं. त्यात सरकारी बँका सगळ्यात कार्यक्षम, मग परदेशी आणि शेवटी खासगी. लोकांना आश्चर्य वाटतं. पण त्यांनी कर्जं आणि गुंतवणुकीबरोबर ठेवीही आउटपुटमध्ये घेतल्या होत्या, आणि तो काळ कोणता, शाखा पसरवा आणि ठेवी गोळा करा असं धोरण असण्याचा. ज्या कामासाठी सरकारी बँका उभ्या केल्या त्याच कामावर मोजलं तर त्या पुढे होत्या. याच दशकात एसएलआर वाढत वाढत १९९० च्या सुमारास ३८.५ टक्क्यांवर गेला आणि त्यावर सीआरआर १५ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त ठेव कुठे ठेवायची हे बँकेच्या हातातच नव्हतं. १९९१ च्या नरसिंहम समितीनंतर हे प्रमाण खाली आलं, खासगी बँका आल्या, आणि नफ्यावर मोजायला लागल्यावर चित्र पालटलं. बँका बदलल्या हे खरंच, पण काटाही बदलला.

माल्मक्विस्टबद्दल. तो दोन तुकड्यांचा गुणाकार असतो, एक म्हणजे बँक सीमेच्या किती जवळ आली आणि दुसरा सीमा स्वतः किती पुढे गेली. समजा पहिला ०.९५ आणि दुसरा १.१०, गुणाकार १.०४५. उत्पादकता साडेचार टक्के वाढली असं दिसतं पण खरं बँक मागे पडलीय, पुढच्या बँकांनी रेषा पुढे नेली म्हणून आकडा वर आहे. आपल्याकडे कोअर बँकिंग आणि २०१६ नंतर यूपीआय यांनी ती रेषा ओढली. ज्या लहान बँका यूपीआयला दुसऱ्या बँकेच्या मार्फत जोडल्या गेल्या त्यांचा दुसरा तुकडा छान दिसेल, पहिला बघा.

खड्डे म्हणाल तर पहिला महागाई. २०१३ चे कोटी आणि २०२४ चे कोटी एक नाहीत, सगळं एका वर्षाच्या किमतीत आणा. दुसरा मार्च २०१७. नोटाबंदीत सगळीकडे ठेवींचा पूर आला, कर्जाला मागणी नव्हती. ठेव इनपुट धरलीत तर त्या वर्षी सगळ्या बँका अचानक नालायक ठरतील, आउटपुट धरलीत तर अचानक हुशार. आणि खरं काय तर माणसं रात्री अकरापर्यंत नोटा मोजत होती. जिल्हा बँकांना तर १४ नोव्हेंबरपासून जुन्या नोटा घ्यायलाच बंदी केली होती, पुढे कधी त्यांच्याशी तुलना केलीत तर हे लक्षात ठेवा. तिसरा कोविडची दोन वर्षं, त्यात काही महिने हप्त्यांना स्थगिती होती म्हणून एनपीए थांबून राहिला. ही वर्षं वेगळी दाखवा, सरासरीत बुडवू नका.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर, हो, काही अंशी करता येतं. आधी स्कोअर काढायचा, मग तो कशामुळे कमी-जास्त आहे ते बँकेच्या हाताबाहेरच्या गोष्टींवर तपासायचं. ग्रामीण शाखांचं प्रमाण, खात्यामागे सरासरी शिल्लक, पूर आलेला तालुका. फक्त इथं साधं रिग्रेशन लावू नका, स्कोअर एकमेकांवर अवलंबून असतात, सिमार आणि विल्सन यांनी २००७ मध्ये बूटस्ट्रॅपची, म्हणजे पुन्हा पुन्हा नमुने काढून तपासायची, पद्धत दिलीय ती वापरा. दुर्गमपणाचा वाटा बाजूला काढल्यावर जे उरतं त्याबद्दल बँकेला जाब विचारता येतो. नातेवाईकांची भरती त्या उरलेल्यात येईल. खोटी खाती मात्र कुठल्याच पद्धतीत येणार नाहीत, ठेवपावती, तुमचं ते म्हणणं शंभर टक्के खरं आहे, ताळेबंदच खोटा असेल तर माझं शास्त्र तिथं आंधळं आहे, आणि हे वाक्य प्रबंधात मर्यादांच्या भागात नाही, सुरुवातीला यावं असं मला वाटतं.

ठेवपावती

धन्यवाद सर. एक सुचवू का, जमल्यास ताईंनी प्रत्येक बँकेचे सगळ्यात मोठे २० कर्जदार एकूण कर्जाच्या किती टक्के आहेत तेही मागावं, नावं नकोत, फक्त टक्का. आमच्या बँकेत तो आकडा कोणी कधी विचारला नाही.

कृष्णाकाठची

नक्की मागते. मंगळवारी आमच्याच बँकेपासून सुरुवात करतेय. यादी केलीय, मासिक सरासरी ठेवी, पिग्मी एजंटांची संख्या आणि कमिशन, शाखावार खाती आणि व्यवहार, त्या चार शाखांचा खर्च वेगळा, मोठ्या २० कर्जदारांचा टक्का. सरव्यवस्थापक बाबांना ओळखतात त्यामुळे भेट मिळेल, पण सरासरीच्या खाली आलात हेही मला त्यांना सांगायचंय, आणि ते ऐकल्यावर आकडे देतील की नाही याची धाकधूक आहे. मार्चएंड दादा, आत कोणाला विचारू, साहेबांना की थेट अकाउंट्सला?

मार्चएंड

आधी साहेबांकडून पत्रावर सही घ्या, मग अकाउंट्सला जा, सहीशिवाय आमच्यातला कोणी देणार नाही आणि द्यायलाही नको. मंगळवार चालेल पण सकाळी नको, दुपारी चारनंतर जा, कॅश टॅली झाल्यावर. पिग्मीचं विचाराल तर आकड्यावर थांबू नका, एजंट संध्याकाळी सहा-साडेसहाला मशीन जमा करायला येतात, त्यांच्यापाशी बसा अर्धा तास. कुठल्या दुकानदाराने या महिन्यात ५० चे २० केले ते त्यांना तोंडपाठ असतं, आमच्या ताळेबंदात ते सहा महिन्यांनी येतं.